टेंगळ्या डोक्याची पिल्लं

लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवलेला नाही आणि मला तो निववायचाही नाही. पन्नास वर्षं होत आली, तरी आमच्या गावच्या पाटलीणबाईंची आठवण आली की माझ्या हातातलं काम थांबतं. हा राग माझ्या मायच्या कोंबड्यापायी आहे. कुणाला हसू येत असेल तर त्यांनी खुशाल हसावं.

आमचं गाव अंबडहून घनसावंगीकडे जाताना रस्ता सोडून दोन कोस आत. बा पाटलांकडे सालगडी होता, माय रोजानं जायची. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि मास्तरणीच्या कोर्सला नंबर लागायची वाट बघत होते. आम्ही बौद्ध. धर्म बदलून अठरा वर्षं झाली होती, पण गावाच्या तांब्याला ते अजून कळलं नव्हतं.

मायकडे कोंबड्यांची एक जात होती, ती आख्ख्या पंचक्रोशीत कुणाकडे नव्हती. अंगानं काळी कुळकुळीत आणि डोक्यावर पांढऱ्या पिसांचा गेंद. आम्ही तिला शेंडीवाली म्हणायचो. माझा मामा हैदराबादला एका बंगल्यावर खानसामा होता. त्यानं पहिली जोडी टोपलीत घालून रेल्वेनं जालन्याला आणली होती. गावात तेव्हा म्हण पडली होती, शेंडी फक्त दोघांना, एक भटजीबुवांना आणि एक आमच्या कोंबड्याला, आणि त्यातल्या त्यात कोंबड्याची दाट.

ही जात सांभाळणं सोपं नव्हतं. शेंडी वाढली की पिसं डोळ्यांवर येतात आणि कोंबडं आंधळं होतं. वरून घार आली तरी त्याला दिसत नाही. म्हणून माय दर आठवड्याला कोंबडं मांडीवर घेऊन त्याची शेंडी लाल सुताच्या दोऱ्यानं वर बांधायची, लहान पोरीची वेणी घालावी तशी. दुसरी अडचण अशी की शेंडीवाली अंडी घालते पण खुडूक होत नाही, अंड्यांवर बसत नाही. तिची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात. कोणता कोंबडा बीजाला ठेवायचा आणि कोणता चुलीवर चढवायचा, हे मायच ठरवायची. शेंडी एका बाजूला कलणारा चुलीवर जायचा, मग तो कितीही लाडका असो.

मोठ्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जात होतो. तिथं मिळणाऱ्या सुकडीतली मूठभर माय पदरात बांधून आणायची आणि कोंबड्यांना घालायची. माझ्या वाटणीचीसुद्धा. मी चिडायचे. ती म्हणायची, "तुला उद्या बी भेटंल. ही जात मेली तर कुठून आनू?" त्या दुष्काळातून एक कोंबडा आणि दोन कोंबड्या वाचल्या. गुरं मेली, माणसं गाव सोडून गेली आणि आमची शेंडी वाचली, याचा तिला फार अभिमान होता.

दुष्काळ संपून दोन वर्षं झाली असतील. दिवाळीला पाटलांचा जावई आला. पाटलीणबाईंनी बाच्या हाती निरोप धाडला, पाहुण्यांना शेंडीवाली बघायचीय, जोडी दोन दिवस पाठवून दे. मायच्या जिवावर आलं होतं. पण बाचं साल त्यांच्याकडे होतं, नाही कसं म्हणणार? तिनं कोंबडा आणि तरणी कोंबडी डालग्यात घातली. शेंड्या नव्या दोऱ्यानं नीट बांधल्या आणि बाच्या डोक्यावर डालगं दिलं.

ते दोन दिवस संपलेच नाहीत. आठवड्यानं माय आणायला गेली, मी तिच्याबरोबर होते. पाटलीणबाई ओसरीवर पान लावत बसल्या होत्या. माय अंगणाच्या कडेला उभी राहिली.

"बाई, जोडी न्यायला आल्ते."

"अगं, असू दे की. कोंबडा कुठं पळून चालला? गावातच तर हाय. जावयाला लई आवडलाय, त्याला पिल्लं द्यायचा शब्द दिलाय मी."

मागच्या अंगणात आमचा कोंबडा आरवला. भिंतीच्या पलीकडून त्याचा घोगरा, मधेच फाटणारा आवाज आला आणि मायची मान तिकडे वळली. ऊन कडक होतं, तिनं प्यायला पाणी मागितलं. गड्यानं वरून धार धरली आणि ती ओंजळीनं प्यायली. आमच्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं, आमचा तांब्या चालत नव्हता. आमचा कोंबडा मात्र बिलकुल चालला.

परतताना माय झपझप पुढं चालली होती. मी मात्र मनातल्या मनात त्या घराचं वाटोळं करत चालले होते. त्यांच्या खुराड्यात मुंगूस सोडावं, कडब्याच्या गंजीला काडी लावावी, त्या जावयाच्या ताटात विंचू निघावा. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि मला त्या वेळी शरम वाटली नाही. आताही वाटत नाही.

दुष्काळानंतरची बाकीची पिल्लं रोगात गेली होती, घरी उरली होती ती एक म्हातारी शेंडीवाली. महिन्याभरात बोक्यानं तिला नेलं. मायनं रिकामं डालगं भिंतीला उपडं टेकवून ठेवलं. आमच्या घरातून ती जात संपली होती.

पाटलांकडे काय चाललंय ते बा सांगायचा. पाटलीणबाईंनी पहिल्याच दिवशी कोंबड्यांच्या डोक्यावरचे लाल दोरे बघितले आणि त्यांचं पित्त खवळलं. आमच्या घरून लाल दोरा आला म्हणजे काय, करणीच! त्यांनी कात्रीनं दोरे कापले, लिंबासकट तिठ्यावर टाकायला लावले. आता शेंडी डोळ्यांवर आली आणि कोंबडा जागच्या जागी गोल फिरायला लागला. पाटलीणबाई म्हणाल्या, बघा, दोरा कापला तशी करणी उलटून राह्यली.

मी हसून हसून लोळले. माय हसली नाही. ती म्हणाली, "आंधळं झालंय लेकरू माझं." मग म्हणाली, "पन मी जाऊन सांगनार न्हाई." मायचा राग मला पहिल्यांदा दिसला तो तेव्हा. माझा राग तोंडात असायचा, तिचा पोटात होता.

दुसरी गोष्टही तिनं सांगितली नाही. पाटलीणबाई दोन महिने ती कोंबडी खुडूक व्हायची वाट बघत बसल्या. कोंबडी अंडी घालायची आणि उठून चालू लागायची. त्यांच्याकडे गावठी कोंबड्या होत्या, पण ऐन वेळी खुडूक एकही नव्हती. तिकडे जावई निरोपावर निरोप धाडत होता. शेवटी पौषात मायला बोलावणं आलं. आमच्या घरी तांबडी गावठी खुडूक बसली होती, हे त्यांना कळलं होतं.

आमच्याकडे शेळी अर्धलीनं देतात, तशी अंडीही देतात. अंडी एकीची, खुडूक दुसरीची, पिल्लं निम्मी निम्मी. पिल्लं दोन महिन्यांची होऊन आईला सोडून हिंडायला लागली की वाटणी व्हायची. त्याचा कायदा साधा. खुडूकवालीनं दोन वाटे पाडायचे आणि अंडीवालीनं आधी उचलायचा. म्हणजे कुणाला फसवता येत नाही.

पाटलीणबाईंनी बारा अंडी जमिनीवर सुपात ठेवली आणि मागे सरकल्या. प्रत्येक अंड्यावर त्यांनी कुंकवाचं बोट ओढलं होतं.

"खूण हाय बरं का. बदलायची न्हाईत."

"न्हाई बदलायची, बाई."

"आन् दोन महिने मी थांबनार न्हाई. दोन महिन्यांत घारीनं नेली, मुंगसानं नेली म्हनशील. तिसऱ्या दिवशी समदी पिल्लं हितं आनायची. माझ्यासमोर वाटे पाडायचे."

जिनं आमची जोडी दडपली, ती आम्हाला चोर म्हणत होती. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात मायनं माझा हात घट्ट धरला. नखं रुतली. "जशी तुमची मर्जी. तिसऱ्याच दिवशी आनते," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी हलकं झालं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

एकवीस दिवस मायनं त्या तांबडीला जिवापाड जपलं. अठराव्या दिवशी कोमट पाण्यात अंडी सोडून बघितली, दहा हलली, दोन गप्प राहिली. दहा पिल्लं निघाली. दुसऱ्या दिवशी मायनं एकेक पिल्लू तळहातावर घेतलं आणि करंगळीनं त्याचं डोकं चाचपलं. मग माझं बोट धरून एका पिल्लाच्या कपाळावर ठेवलं. तिथं हरभऱ्याएवढं टेंगूळ होतं आणि त्यावर लव विस्कटलेली.

"ही शेंडी," ती म्हणाली.

शेंडीवालीचं पिल्लू शेंडी घेऊन जन्मत नाही. आधी टेंगूळ असतं, शेंडी महिन्या-दोन महिन्यांनी फुटते. पाटलांच्या अंगणात त्यांचे गावठी कोंबडे होतेच आणि आमचा कोंबडा आंधळा. म्हणून चार पिल्लं सपाट डोक्याची, साधी गावठी निघाली होती. एकाचं टेंगूळ जेमतेम होतं. पाच मात्र अस्सल होती. दोन महिने थांबल्या असत्या तर पाटलीणबाईंनी लांबूनही ओळखली असती.

तिसऱ्या दिवशी आम्ही टोपली घेऊन गेलो. मायनं त्यांच्या मागच्या अंगणात दोन वाटे पाडले. एका बाजूला पाच टेंगळी. दुसऱ्या बाजूला चार सपाट डोक्याची, त्यात ते जेमतेम टेंगळाचं पाचवं. गावठी पिल्लं चपळ, तुरुतुरु पळत होती. टेंगळी एकमेकांना चिकटून बसली होती. कोपऱ्यात आमचा कोंबडा भिंतीला डोकं लावून उभा होता. मायनं त्याच्याकडे बघितलं नाही.

पाटलीणबाई वाकल्या.

"अगं बाई, ह्यांच्या डोक्याला काय झालंय? गाठी आल्यात का काय?"

माय म्हणाली, "बघून घ्या बाई."

"देवीच्या गाठी असतील. मरतील ही."

"नीट बघून घ्या. वाटा तुम्हाला उचलायचाय."

"बघितलं बघितलं. रोगट तेवढी एका बाजूला काढलीस व्हय? मला काय येडी समजलीस? ही पळती हायत ती माझी."

"पुन्हा म्हनायचं न्हाई, बाई. बराबर बघून घ्या."

तिसऱ्यांदा सांगितलं होतं तिनं. पाटलीणबाईंनी पायानंच टेंगळी पिल्लं आमच्याकडे सरकवली. मायनं ती पदरात घेतली. गावाच्या वेशीपर्यंत ती सरळ चालली आणि तिथं पिंपळाच्या पारावर बसून एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पदरातली पिल्लं घाबरून चिवचिवत होती.

पुढं कितीतरी वर्षांनी मी तिला विचारलं, माय, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, "इचारलं असतं तर सांगितलं असतं. पन आपल्याला इचारतंय कोन?"

चैत्रात आमचा कोंबडा मेला. डोळ्यांवर शेंडी घेऊन चालता चालता पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीत पडला. दोन दिवस कुणाला कळलं नाही, मग पाण्याला वास सुटला. घरच्या पिण्याचं पाणी त्या विहिरीचं होतं. त्या विहिरीच्या थारोळ्यालाही, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडालाही, आमचा हात लागलेला चालत नसे. पण मेलेला कोंबडा काढायला माणूस हवा होता. बाला दोर बांधून आत उतरवलं. पाणी शेंदायला त्याचा हात बाटका, आणि मढं काढायला चोख! आमचा कोंबडा त्यांच्या पाण्यात कुजला, ते पाणी ती बाई दोन दिवस प्यायली, याचा मला आनंद झाला होता. खोटं का बोलू?

बानं कोंबडा धोतराच्या टोकात गुंडाळून घरी आणला. मायनं त्याची ओली शेंडी बोटांनी मागे सारली, नवा लाल दोरा घेऊन बांधली आणि लिंबाखाली खड्डा करून त्याला पुरलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

पाटलांकडे गेलेल्या जेमतेम टेंगळाच्या पिल्लाला घारीनं केव्हाच उचललं होतं. बाकीची चार गावठी झाली. इकडे आमच्या अंगणात पाच डोक्यांवर पाच पांढरे गेंद फुलले. दोन नर, तीन माद्या. माय दर आठवड्याला त्यांना मांडीवर घ्यायची. गावभर बोभाटा झाला. लोक बघायला यायला लागले.

वैशाख सरता सरता पाटलीणबाई आल्या. स्वतः, चालत, आमच्या वस्तीत. जन्मात पहिल्यांदा. जावयानं बायकोला माहेरी धाडायचं बंद केलं होतं, एका शेंडीपायी. घरातून जोडी गेली म्हणून माय रडली नव्हती, आणि जोडी मिळेना म्हणून पाटलांचा जावई रुसून बसला होता.

त्या आमच्या दारातल्या लिंबाखाली उभ्या राहिल्या आणि आधी तोंड सोडलं.

"ही माझ्याच अंड्यांची न्हाईत का गं?"

"तुमच्याच अंड्यांची हायत, बाई. वाटा बी तुमीच उचलला."

"मला काय ठावं, शेंडी मागून फुटती म्हनून? तू सांगायचं न्हाई?"

"तीनदा म्हनले, बघून घ्या."

पाटलीणबाईंनी पदर सारखा केला. कायदा त्यांनाही माहीत होता. त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच मर्जीनं, तिसऱ्याच दिवशी वाटणी झाली होती. मग आवाज खाली आला.

"एक जोडी दे. पोरीच्या संसाराचा सवाल हाय. मी काय फुकट मागून राह्यले का? गहू धाडते पायलीभर."

मला वाटलं, माय आता नाही म्हणेल. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या. पण माय म्हणाली, "देते की. पोरीचं काम हाय, गहू बी नको. बसा. पह्यल्यांदा दारात आल्यात." तिनं घोंगडी अंथरली आणि मला म्हणाली, "पानी आन."

मी तांब्या भरला, फुलपात्र घेतलं आणि पाटलीणबाईंच्या समोर धरलं. शेजारपाजारच्या बायका दारात आल्या होत्या. फुलपात्रात लिंबाची सावली पडली होती आणि पाटलीणबाई त्यात बघत होत्या. मी मनात म्हणत होते, पी. ओंजळीनं नाही, वरून धार नाही, आमच्या भांड्याला ओठ लावून पी.

"आज उपास हाय माझा," त्या म्हणाल्या.

"पाणी तर उपासाला चालतं," मी म्हणाले.

"निर्जळी हाय."

मंगळवार होता. ना एकादशी, ना चतुर्थी. आणि पाटलीणबाईंचे ओठ विड्यानं लाल झाले होते.

मायनं माझ्या हातातलं फुलपात्र काढून घेतलं आणि खाली ठेवलं. "अगं बाई बाई, निर्जळी उपास! आन् कोंबडं न्यायला आल्यात? आसलं पाप मी माझ्या माथी घेनार न्हाई. उपास सुटला की या. पानी प्या आन् जोडी घेऊन जा."

पाटलीणबाई उठल्या आणि गेल्या. संध्याकाळी बा घाबरला होता, म्हणाला, साल मोडतील. माय म्हणाली, "मोडू द्या." त्यांनी मोडलं नाही. मोडलं असतं तर गावाला कारण सांगावं लागलं असतं.

त्या पाचांची पिल्लं वाढली तशी मायनं नवा कायदा केला. आमच्या घरी बसून पाणी पिईल त्याला जोडी फुकट. आधी आमच्यातलेच आले. मग अंबडच्या बाजाराला येणारे दुसऱ्या गावचे. आणि पुढच्या वर्षीच्या आखाडात एके दुपारी पाटलीणबाईंची धाकटी जाऊ आली, भिंतीला भिंत लावून राहणारी. तिचं थोरलीशी कधीच पटलं नव्हतं. घोंगडीवर बसली, फुलपात्र तोंडाला लावलं, घटाघटा प्यायली आणि आणखी मागितलं. मायनं तिला त्यातली सगळ्यात चांगली जोडी दिली. मी टोपली घेऊन स्वतः पोचवायला गेले आणि पाटलीणबाईंच्या दारावरून मुद्दाम सावकाश गेले.

दुसऱ्या दिवशीपासून भिंतीपलीकडे आमचा कोंबडा आरवायला लागला. तोच घोगरा, मधेच फाटणारा आवाज. बा सांगायचा, पाटलीणबाई ओसरीवरून उठून आत जाऊन बसतात.

मी कितीतरी मंगळवार तांब्या चिंचेनं घासून भरून ठेवला. पाटलीणबाई काही आल्या नाहीत. माय शेंडीला दोरा बांधता बांधता दाराकडे बघायची आणि म्हणायची, "लई कडक उपास हाय बाईचा."